चाक न उतरणारा घाट

नाणेघाटातून सायकल खाली उतरत नाही. खांद्यावर घेऊन उतरवता येते, पण मग ती सायकल कसली, नुसतं ओझं. डोंगरावरून निघून तीन-चार दिवसांत समुद्र गाठायचाय, रस्ता आखून द्या, असं म्हणत जी मंडळी कल्याणच्या आमच्या दुकानात येतात त्यांना मी हे आधीच सांगून टाकतो. कारण नकाशा उघडला की सगळ्यांचं बोट तिथंच जातं. जुन्नरहून पश्चिमेला घाटघर, मग नाणेघाट, खाली वैशाखरे, टोकावडे, सरळगाव, मुरबाड आणि कल्याण. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. शिवाय दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राज्यातला माल याच वाटेनं बंदरावर उतरायचा हे शाळेतच कानावर पडलेलं असतं. जुना रस्ता आहे, तर त्याच रस्त्यानं जाऊ, असा सरळ हिशेब. तो चुकतो कुठे, तर चाकापाशी.

आमचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. ते तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. प्रत्येक सायकलला नगरपालिकेचा बिल्ला, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर आणि वहीत गिऱ्हाइकाचं नाव. लहानपणापासून छर्रे धुणं, ट्यूबला पॅच लावणं आणि चाकाचा आऊट काढणं हेच केलं. चाकाला काय चालतं आणि काय नाही, हे हाताला कळायला लागलं की इतिहासाची पुस्तकंसुद्धा माणूस जरा वेगळी वाचतो. ‘व्यापारी मार्ग’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बैलगाड्यांची रांग येते. माझ्या डोळ्यांसमोर रिम येतं. नाणेघाटाच्या दगडी पायऱ्यांवर गाडीचं चाक किती टिकेल? पहिल्या वळणापर्यंतसुद्धा नाही.

घाटमाथ्याला दोन कड्यांच्या मधे एक अरुंद घळ आहे. वाट तिच्यातून सुरू होते आणि फरसबंदी, पायऱ्या, मधेच ओढ्याचं पात्र, दाट रान असं करत पायथ्याला येते. ही वाट केली ती पायांसाठी आणि खुरांसाठी. पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लादलेले बैल, गाढवं, तट्टं आणि डोक्यावर ओझं घेतलेली माणसं, एवढीच तिच्यावरची वाहतूक. वर जायचं ते मीठ, सुकी मासळी आणि समुद्रापलीकडून आलेला माल. खाली यायचं ते देशावरचं धान्य आणि कापड. सह्याद्रीत चाकाला जागा मिळाली ती फार उशिरा. बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना खुला झाला. म्हणजे सातवाहनांच्या नागनिका राणीनंतर जवळजवळ दोन हजार वर्षं घाट आणि कोकण यांच्यामधला व्यापार चाकाशिवाय चालला, आणि चांगला दणकून चालला.

हे सगळं मी या पावसाळ्यात डोंबिवलीच्या चौघांना सांगत होतो. तीन मुलगे आणि एक मुलगी. गिअरच्या सायकली सर्व्हिसिंगला आणल्या होत्या आणि दिवाळीनंतर निघायचं ठरवलं होतं. त्यातल्या एकानं फोनवर चढउताराचा आलेख काढून दाखवला. रंगीत, छान होता. मी विचारलं, “पाणी कुठे भरणार?”

“मिळेल ना काका, हॉटेलं असतात.”

घाटघरला मिळेल. मुरबाडलाही मिळेल. पण जुना रस्ता समजून घ्यायचा असेल तर तो पाण्यापासूनच वाचावा लागतो, असं माझं मत आहे. नाणेघाटात नागनिकेचा मोठा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला. लेण्याच्या भिंती त्यानं भरल्यात. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दिली याची जंत्री. आकडे लिहिण्याच्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावं राहिली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे नागनिकाच) आणि राजा सातकर्णी, कुमार आणि त्यांचे आप्त. येणाराजाणारा प्रत्येक तांडा थांबणार कुठे, तर इथंच. म्हणून राज्यकर्त्यांनी आपलं नाव इथं लावलं. जिथं रहदारी अडते तिथं पाटी लावायची, हे तेव्हाही कळत होतं. दाराशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

पण मला विचाराल तर या रस्त्याचा खरा इतिहास चार शब्दांच्या एका बारक्या लेखात आहे. नाणेघाटातल्या पाण्याच्या एका टाक्यावर कोरलंय की हे टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासानं दान दिलं. एवढंच. ना यज्ञ, ना हत्ती. सोपारा म्हणजे आजचा नालासोपारा. समुद्राकाठचा माणूस तो, आणि पैसा घालतो कुठे, तर एवढं दूर, सह्याद्रीच्या डोक्यावर. धर्मभावना असेलच. पण ज्याचा माल या वाटेनं येतो त्यालाच माहीत असतं की चढून आलेला बैल सगळ्यात आधी कशाला तोंड लावतो.

गोविंददास एकटा नाही. जुन्नरभोवती दोनशेच्या वर लेणी आहेत, लेण्याद्रीला, मानमोडीला, तुळजा लेण्यांत, शिवनेरीच्या पोटात. तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दिलं. यवनांची दानं आहेत, म्हणजे ग्रीक म्हणवणारी माणसंही इथं नांदत होती. कल्याणच्या एका सोनारानं टाकं दिलंय. आमच्या गावचा सोनार! आणि मानमोडीला वर्ष ४६ चा एक लेख आहे, नहपान क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याचा. सातवाहनांचं आणि क्षत्रपांचं हाडवैर. पण रस्ता आपल्या ताब्यात आल्यावर शत्रूच्या या अमात्यानंही दिलं काय? एक मंडप आणि एक टाकं.

मी त्या मुलांना म्हटलं, तुमचा आलेख बाजूला ठेवा आणि कागदावर ही टाकी मांडा. जुन्नर, मग घाटमाथा. मुक्कामाची आखणी आपोआप समोर येते. लादलेला बैल रोज किती चालतो याचा अंदाज एका ग्रीक पुस्तकावरून बांधता येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका खलाशानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, आणखी दहा दिवसांवर. भडोच ते पैठण चारशे किलोमीटरच्या आसपास धरा, म्हणजे दिवसाला वीसेक किलोमीटर. त्या हिशेबानं जुन्नरहून कल्याण पाच दिवसांचं. सायकलवाला तेच दोन दिवसांत उरकतो आणि वर पाय दुखले म्हणून सांगतो.

निघायचा महिनासुद्धा त्याच पुस्तकात सापडतो. मिसरहून जहाजं जुलैत सुटायची, मोसमी वारा पाठीशी घेऊन पाऊस सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागायची, आणि वारा उलटला की हिवाळ्यात परत. तेव्हा देशावरचा माल घाट उतरून बंदरात यायला हवा तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. आषाढात घाटाला शेवाळ आणि समुद्राला उधाण, दोन्ही दारं बंद. आताची पोरं आषाढात नाणेघाटाला जातात ती उलटा धबधबा बघायला. दरीतून येणारा वारा पाणी परत वर फेकतो, बघण्यासारखं असतं. पण कामाचा माणूस तेव्हा घरी बसायचा. चौघांनी दिवाळीनंतरचा बेत का केला, तर तेव्हा सुट्ट्या मिळतात म्हणून. बेत बरोबर निघाला, मी काही बोललो नाही.

आता खरा वाद. नाणेघाट टाळायचा तर माळशेज. म्हणजे जुन्नरहून गणेशखिंडीतून माळशेजच्या रस्त्याला लागायचं आणि हमरस्त्यानं खाली यायचं. डांबर चांगलं असलं तरी उतार लांब आहे. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रबर झिजतं, रिम असं तापतं की हात लावता येत नाही, आणि पातळ ट्यूब असेल तर तिथंच फुटते. सोडत-दाबत उतरायचं, पुढचा-मागचा आलटून पालटून. हे मी प्रत्येकाला दुकानात चाक स्टँडवर फिरवून, ब्रेक दाबायला लावून दाखवतो. तोंडी सांगितलेलं उतारावर आठवत नाही.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, सायकली टेम्पोत टाकू. टेम्पो माळशेजनं खाली येईल. आम्ही नाणेघाटातून चालत उतरतो आणि वैशाखऱ्याला परत सायकलवर बसतो.”

मला हे पटलं. त्या वाटेला पायच लागतात, तर पायांनीच जावं. एका मुलाला माळशेजचा उतार सोडायचा नव्हता. तो टेम्पोच्या मागून सायकलवर येईल असं ठरलं. इथंपर्यंत सगळं सुरळीत झालं.

मग मी म्हटलं, “आणि सफर कल्याणला संपते.”

चौघेही माझ्याकडे बघायला लागले. “काका, समुद्र कुठाय इथं? आम्हाला शेवट बीचवर पाहिजे.”

कल्याणला समुद्र दिसत नाही, हे खरं. पण समुद्र कल्याणला येतो. दुर्गाडी किल्ल्याच्या खाली पुलावर उभं राहून अमावास्या-पौर्णिमेला पाणी बघा, उल्हास नदी उलटी वर सरकताना दिसेल. माळशेजच्या कुशीतून निघालेली काळू, शहापुराकडची भातसा, राजमाचीकडची उल्हास, डोंगरातलं हे सगळं पाणी कल्याणच्या आसपास एकत्र येतं आणि पुढे खाडी होऊन वसईला समुद्राला मिळतं. नद्यांची खोरी जिथून येतात तिथूनच वाटाही येतात. बैलाच्या पाठीवरची गोणी उतरवून होडीत टाकायची पहिली सोयीची जागा म्हणजे कल्याण. देशावरच्या व्यापाऱ्याच्या लेखी किनारा इथंच लागायचा. इथून पुढे भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळायच्या आणि काम नावाड्याचं.

पेरिप्लसवाल्यानं कल्याणची एक तक्रार लिहून ठेवली आहे. आधीच्या सातवाहन राजाच्या वेळी ही रीतसर बाजारपेठ होती, पण सत्ता बदलल्यावर बंदराची कोंडी झाली आणि चुकून इथं आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्याखाली भडोचला नेण्यात येऊ लागलं. दोन राजांच्या भांडणात बंदर भरडलं गेलं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्यानं मात्र पुन्हा कल्याणचं नाव मोठ्या बंदरांत घेतलंय, म्हणजे गाव त्यातून सावरलं. नंतर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीच्या खाडीवर मराठ्यांची जहाजं बांधायला सुरुवात झाली. जंगलातलं सागवान जवळ, खाडी दाराशी, आणि शत्रूची गलबतं एवढ्या आत सहज येऊ शकत नाहीत. जागा निवडणाऱ्याला भूगोल पाठ होता.

रेल्वेनं या सगळ्यावर कडी केली. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. ती कल्याणला पोहोचली १८५४ च्या मे महिन्यात, पारसिकच्या डोंगराला मुंब्र्यापाशी भोक पाडून. मग प्रश्न आला सह्याद्रीचा. बोरघाट १८६३ मध्ये जिंकला, थळघाट १८६५ मध्ये. दोन्ही घाटांचे रूळ येऊन मिळाले कुठे? कल्याणला. इंजिनिअर विलायतेतून आले असतील, पण खोरी इथलीच होती, त्यांना दुसरा पर्याय नव्हता. आज कर्जत आणि कसारा अशा दोन लोकल कल्याणला फुटतात आणि रोज लाखो माणसं ते गृहीत धरून डबा बदलतात.

नाणेघाट या व्यवहारात बसला नाही. चाकाला चढ सोसत नाही आणि रुळावरच्या चाकाला तर मुळीच नाही. एकदा माल डब्यातून खाली यायला लागल्यावर बैलाच्या पाठीवरून कोण आणणार? तांडे ओसरले. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, तिथला बैलबाजार अजून नावाजलेला आहे. पण आता बैल बघतात ते नांगराला आणि शर्यतीला. ओझ्याच्या बैलाची पारख करणारं कोणी राहिलं नाही.

एवढं ऐकल्यावर मुलं म्हणाली, “पटलं काका, पण बीच पाहिजे.” तरुणांशी इतिहासावरून भांडण्यात अर्थ नसतो. आणि गोविंददासाचं घर बघितल्याशिवाय त्याचं पाणी प्यायचं, हेही बरं नाही. म्हणून मी पुढचा रस्ता सोपाऱ्यापर्यंत आखला.

कल्याणहून दुर्गाडीचा पूल, कोनगाव, रांजणोली नाका, मग भिवंडीच्या कडेनं काशेळी आणि बाळकूमवरून ठाणे. हा तुकडा मला आवडत नाही. ट्रक, कंटेनर, धूळ, पावसाळ्यानंतर खड्डे. पहाटे पाचला निघालात तरच धड निघाल. पण दोन्ही बाजूंची गोदामं बघा. देशभरचा माल इथं उतरतो, साठतो, पुन्हा चढतो. खाडी गाळानं भरली आणि जहाजं न्हावाशेव्याला लागायला लागली, तरी माल उतरवायची जागा काही कल्याण-भिवंडीचा पट्टा सोडून गेली नाही. शीळफाटा-मुंब्र्यावरूनही ठाण्याला जाता येतं, पण त्या बाजूला पारसिकचा डोंगर आडवा येतो. जुनी माणसं तिकडून न जाता खाडीनंच जात असणार.

ठाण्याला शिलाहारांची राजधानी होती. आता त्यांचं दगडात काही बघायचं तर आमच्या बाजूला अंबरनाथला यावं लागतं. वालधुनीच्या काठचं ते शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. मुलांना वळसा पडेल म्हणून मी आग्रह केला नाही. ठाण्याहून घोडबंदर रस्ता. डाव्या हाताला येऊरचं रान. त्याच रानाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराच्या वर लेणी, बहुतेकांच्या दाराशी पाण्याचं टाकं, आणि दात्यांमध्ये पुन्हा कल्याणची माणसं. पण तिथं जायचा रस्ता बोरिवलीच्या बाजूनं. म्हणून तेही दुसऱ्या खेपेला.

घोडबंदरहून पुलावरून वसईकडे जाता येतं, सगळे तसंच जातात. मी मात्र भाईंदरची जेट्टी सुचवली. तिथून वसईला २०२४ पासून रो-रो बोट चालते, सायकलही घेतात. मुद्दाम सुचवली. डोंगरातून पायी उतरलात, मधला पल्ला चाकावर काटलात, आता उल्हासच्या मुखावर होडीत बसा. जुन्या मालानंही हा प्रवास असाच तीन तऱ्हांनी केला असेल, क्रम थोडा वेगळा. वसईच्या किल्ल्याला लागलं की सोपारा जवळच.

सोपाऱ्याला बुरुड राजाच्या कोटावर १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला. नाणेघाटच्या लेखांचा अभ्यास करणारेही तेच. रस्त्याची दोन्ही टोकं एकाच माणसानं वाचली. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी सापडली, तिच्यात करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. आता त्या मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा पुढे १९५६ मध्ये भुईगावच्या किनाऱ्याला मिळाला.

“आठव्यात काय लिहिलंय?” मुलीनं विचारलं.

आठवा लेख सहलींवरच आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रा काढायचे, शिकारी करायचे. अशोकानं ते सोडलं, बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला, आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा धर्मयात्रा झाल्या, त्यांत साधूंना, वृद्धांना भेटायचं, दान द्यायचं, गावोगावच्या लोकांशी बोलायचं.

“आमची मौजेचीच आहे,” आलेखवाला म्हणाला.

असू दे की. भुईगावला किनारा आहे, सुरूची झाडं आहेत, तिथं लोळा. मी त्यांना दोन जादा ट्यूब, स्पोकचा जुडगा आणि ब्रेक रबराच्या चार जोड्या बांधून दिल्या. माळशेजनं उतरणाऱ्याला दोन जोड्या जास्त. पैसे आलेखवाल्यानं ऑनलाइन दिले, आणि आलेखात घाटघरच्या ठिकाणी पाण्याची एक निळी खूण टाकून घेतली.